आधी फाइल, मग फोन, मग प्रवास: कॅन्सरच्या नवीन औषधाच्या पहिल्या टप्प्यातल्या ट्रायलला जाणाऱ्या गावाकडच्या कुटुंबांसाठी

केमो झाली, तीन महिन्यांनी स्कॅन केला, गाठ वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, "मुंबईला एखाद्या नवीन औषधाची ट्रायल चालू असेल तर पाहा." यानंतर यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडचे लोक काय करतात ते मी अनेकदा पाहिलं आहे. त्याच आठवड्यात कोणाकडून तरी पैसे उचलतात, धामणगावहून किंवा वडशाहून गाडी पकडतात आणि मोठ्या दवाखान्याच्या रांगेत उभे राहतात. तिथे बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा मागतात, तो असतो जिल्ह्याच्या लॅबमध्ये. स्कॅनची सीडी मागतात, ती कुठे ठेवली ते कोणालाच आठवत नाही. शेवटच्या केमोची तारीख सांगता येत नाही. चार दिवस धर्मशाळेत काढून माणसं परत येतात.

माझ्या काकांच्या बाबतीत हेच झालं. ब्लॉक मिळवण्यात एकोणीस दिवस गेले, तोवर त्यांची कावीळ वाढली आणि ट्रायलचा विचारच संपला. तेव्हापासून मी तालुक्यातल्या रुग्णांच्या फाइली लावून देतो. मी डॉक्टर नाही. कोणतं औषध घ्यावं हे या लेखात सापडणार नाही. कोणतं काम कशाच्या आधी करायचं, तेवढं सापडेल. हे सगळं गाठीच्या कॅन्सरबद्दल आहे: तोंड, स्तन, फुप्फुस, गर्भाशयमुख, आतडं, यकृत वगैरे. रक्ताच्या कॅन्सरच्या ट्रायल्सचे नियम बरेच वेगळे असतात.

१. ठरलेले उपचार खरंच संपलेत का, हे लेखी विचारा

पहिल्या टप्प्यातली ट्रायल, म्हणजे नवीन औषधाची किती मात्रा सोसते हे पाहणारी, ही बहुधा ज्यांच्यासाठी प्रस्थापित उपचार उरलेले नाहीत किंवा सोसत नाहीत अशांसाठी असते. म्हणून सध्याच्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: "या आजारावर अजून कोणता मान्य उपचार बाकी आहे, आणि तो आम्ही का घेत नाही?" उत्तर केसपेपरवर लिहून मागा.

बऱ्याचदा उपचार बाकी असतो आणि तो फक्त महाग आहे म्हणून कोणी बोललेलं नसतं. आपल्याकडे खर्ऱ्यामुळे तोंडाचा कॅन्सर घरोघरी दिसतो, म्हणून त्याचंच उदाहरण घेतो. आजार परत आल्यावर द्यायच्या कमी मात्रेच्या गोळ्यांसोबत निव्होल्युमॅब हे इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम इतक्या लहान मात्रेत देऊन टाटा मेमोरियलनं अभ्यास केला. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी वर्षभरानंतर १६.३ टक्के रुग्ण हयात होते. इंजेक्शनची जोड मिळालेल्यांपैकी ४३.४ टक्के. पूर्ण मात्रेच्या मानानं हा खर्च फारच कमी आहे. असा मार्ग तुमच्या रुग्णाला चालतो का, हे नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात, जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये, मिहानच्या एम्समध्ये किंवा सेवाग्रामला विचारता येतं. त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही.

सावधान: ट्रायलच्या आशेवर चालू उपचार स्वतःच्या मनानं बंद करू नका. आधीचं औषध आणि ट्रायलचं औषध यांच्यात ठरावीक दिवसांची मोकळीक लागते, बहुतेकदा तीन ते चार आठवडे. ती कधीपासून मोजायची हे दोन्हीकडचे डॉक्टर मिळून ठरवतात.

२. पहिला टप्पा म्हणजे काय, हे घरात बसून समजून घ्या

पहिल्या टप्प्यातल्या ट्रायलचा मुख्य प्रश्न असतो: या औषधाची किती मात्रा माणसाला सोसते? गाठ किती लहान होते हे पाहतात, पण ते दुय्यम. हे समजून न घेता गेलेली कुटुंबं पुढे सगळ्यात जास्त दुखावतात.

मात्रा कशी वाढवतात ते पाहा, कारण पुढे "स्लॉट नाही" हे वाक्य ऐकावं लागणार आहे. जुन्या आणि अजून पुष्कळ ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत आधी तीन रुग्णांना लहान मात्रा देतात. बहुधा २१ किंवा २८ दिवसांचं पहिलं चक्र संपेपर्यंत थांबतात. कोणालाच गंभीर त्रास झाला नाही, तर पुढच्या तिघांना थोडी मोठी मात्रा. तिघांपैकी एकाला झाला, तर त्याच मात्रेवर आणखी तीन रुग्ण. दोघांना किंवा जास्त जणांना झाला, तर मात्रा वाढवणं थांबतं. म्हणजे एका वेळी जागा असतात मोजक्या, आणि मधे आठवडेच्या आठवडे एकही जागा नसते. त्यात कोणाचा वशिला चालत नाही.

याचा आणखी एक अर्थ आहे. तुमचा रुग्ण सुरुवातीच्या तिघांत असेल तर त्याला मिळणारी मात्रा कदाचित काम करण्याइतकी नसेल. शेवटच्या गटात असेल तर त्रासाची शक्यता जास्त. आपण कितव्या गटात आहोत आणि आधीच्या गटांना काय झालं, हे विचारायला अजिबात संकोच करू नका.

आकड्यांत सांगायचं तर अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पहिल्या टप्प्यातल्या ट्रायल्समध्ये २००० ते २००५ या काळात शंभरातल्या साधारण १० रुग्णांची गाठ डोळ्यांत भरेल इतकी लहान झाली. २०१३ ते २०१९ मध्ये हे प्रमाण १८ झालं. औषधामुळेच मृत्यू येण्याचं प्रमाण शंभरात एकाहून कमी राहिलं. म्हणजे सुधारणा खरी आहे, पण शंभरातल्या ८० हून अधिक लोकांची गाठ तशी कमी झाली नाही. हे आकडे घरातल्या कर्त्या माणसांसमोर एकदा मोठ्यानं वाचा.

"अर्ध्या लोकांना खोटी गोळी देतात" ही भीती गावात फार आहे. कॅन्सरच्या पहिल्या टप्प्यातल्या ट्रायलमध्ये साधारणपणे सगळ्यांनाच खरं औषध मिळतं. फरक असतो मात्रेचा.

३. रुग्णाला आजार सांगा

ही पायरी लोकांना नको असते. "बाबाले फक्त गाठ हाय म्हणून सांगितलं, कॅन्सर म्हणू नका" असं कानात सांगणारे मुलगे मला दर महिन्याला भेटतात. त्यांचं प्रेम मला कळतं. पण संमतीपत्रावर सही रुग्णाचीच लागते. समोर बसवून त्याला आजाराचं नाव, उपचार संपल्याची गोष्ट आणि औषधाचे धोके समजावणं हा कायद्याचा भाग आहे. मुलानं बापाच्या वतीनं सही करून भागत नाही. मुंबईच्या अनोळखी खोलीत, अनोळखी माणसाच्या तोंडून बापाला पहिल्यांदा कळावं, यापेक्षा ओसरीवर मुलाच्या तोंडून कळलेलं बरं.

एका बसणीत सगळं सांगायची गरज नाही. जमत नसेल तर ज्या डॉक्टरांवर त्यांचा विश्वास आहे त्यांच्याकडे घेऊन जा. आणि सांगून झाल्यावर त्यांना विचारा की एवढी धावपळ त्यांना हवी आहे का. एका मावशींनी मला सांगितलं होतं, "मले वेचणी पाहाची हाय, दवाखाना नाही." त्या गेल्या नाहीत, घरीच राहिल्या. तो त्यांचा निर्णय होता आणि घरच्यांनी तो पाळला.

तपासा: रुग्ण स्वतःच्या शब्दांत "मला काय झालंय आणि मी तिकडे कशासाठी जातोय" हे सांगू शकतो का? नसेल तर पुढे जाऊ नका.

४. फाइल लावा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्लास्टिकचं जाड फोल्डर घ्या आणि या क्रमानं लावा.

सगळ्यात वर एक पान. त्यावर रुग्णाचं नाव आधारवर आहे तसंच, वय, आजाराचं निदान बायोप्सी रिपोर्टवरून अक्षर न अक्षर उतरवलेलं, आणि खाली उपचारांची यादी: कोणतं औषध, पहिली तारीख, शेवटची तारीख, का थांबलं. रेडिएशन कुठल्या भागाला आणि किती दिवस. ऑपरेशन कधी. हे पान नीट असेल तर समोरचा डॉक्टर दोन मिनिटांत हो की नाही सांगू शकतो.

त्याखाली सगळ्या डिस्चार्ज समऱ्या, जुनी खाली, नवी वर. केमोच्या दिवसांची कार्डं फेकू नका. मात्रा त्यांवरच असते.

मग बायोप्सी. रिपोर्ट वेगळा आणि ब्लॉक वेगळा. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, आणि स्लाइड म्हणजे त्यातून काढलेली काचेवरची पातळ चकती. ट्रायलवाल्यांना बहुधा ब्लॉकच हवा असतो. ज्या लॅबमध्ये बायोप्सी झाली तिथे रुग्णाच्या सहीचा अर्ज, आधारची प्रत आणि रिपोर्टची प्रत द्या. अर्जात "ब्लॉक व स्लाइड, दोन्ही" असं स्पष्ट लिहा आणि बायोप्सीचा क्रमांक टाका. हातात मिळाल्यावर ब्लॉकवरचा क्रमांक रिपोर्टवरच्या क्रमांकाशी तिथेच काउंटरवर जुळवा. दुसऱ्याच रुग्णाचा ब्लॉक घेऊन मुंबईला पोचलेलं कुटुंब मी पाहिलं आहे.

सावधान: मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो. बंद गाडीत किंवा मोटारसायकलच्या डिक्कीत त्याहून किती तरी जास्त तापतं, आणि ब्लॉक मेणाचाच असतो. डबीत घालून, कापसात गुंडाळून, हातातल्या पिशवीत न्या. स्लाइड फुटू नये म्हणून तिचा वेगळा खोका मागा.

जनुकांची तपासणी झाली असेल तर तिचा पूर्ण रिपोर्ट लावा. पहिलं पान पुरत नाही. आजकालची अनेक नवीन औषधं एखाद्या ठरावीक जनुकीय बदलावरच चालतात, आणि तो बदल कुठल्या तरी पाचव्या पानावर लिहिलेला असतो.

स्कॅनचं तसंच. नुसता रिपोर्ट पुरत नाही, सीडी लागते, आणि जुनी-नवी दोन्ही. ट्रायलमध्ये निवडलेल्या गाठींची लांबी मिलिमीटरमध्ये मोजतात. मोजता येण्यासाठी ती बहुधा १० मिलिमीटर तरी असावी लागते. पुढे त्या लांबीची बेरीज ३० टक्क्यांनी कमी झाली तर "प्रतिसाद" आणि २० टक्क्यांनी वाढली तर "आजार वाढला" धरतात. सीडी घरी एकदा कुठल्या तरी कॉम्प्युटरवर उघडून पाहा. कोऱ्या निघतात.

शेवटी इतर आजारांचे कागद: साखर, बीपी, हृदय, टीबी. सिकलसेलचं (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं) कार्ड असेल तर ते नक्की लावा. आपल्याकडे एकाच घरात दोन-तीन वाहक असतात आणि कोणी विचारल्याशिवाय सांगत नाही. हिमोग्लोबिनची अट जवळजवळ प्रत्येक ट्रायलमध्ये असते, त्यामुळे कमी रक्ताचं कारण डॉक्टरांना आधीच माहीत असलेलं चांगलं.

प्रत्येक कागदाचा फोटो मोबाइलमध्ये घ्या, सरळ धरून, उजेडात. मूळ कागद कोणालाही देऊ नका, ब्लॉक सोडून. ब्लॉक दिला की पोच घ्या.

५. ट्रायल शोधा, मग फोन करा

भारतात होणाऱ्या प्रत्येक औषध-ट्रायलची नोंद पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करावी लागते. ही अट १५ जून २००९ पासून लागू आहे. नोंदवही इंटरनेटवर सगळ्यांना मोफत पाहता येते. शोध इंग्रजीत करावा लागतो. गावातल्या शिक्षकांची किंवा कॉलेजात शिकणाऱ्या मुलीची मदत घ्या.

नोंद उघडली की पाच गोष्टी पाहा. टप्पा कोणता. भारतात रुग्ण घेणं सध्या सुरू आहे की बंद. कोणत्या शहरात केंद्र आहे. कोणते रुग्ण घेतात आणि कोणते घेत नाहीत, याची यादी. आणि संपर्काच्या व्यक्तीचा फोन.

हे लक्षात ठेवा की दुसऱ्या देशात शोधलेलं औषध माणसावर अगदी पहिल्यांदा भारतात देता येत नाही. त्याची पहिल्या टप्प्याची परदेशातली माहिती आधी सादर करावी लागते. भारतातच शोधलेल्या औषधाचा पहिला टप्पा इथे होऊ शकतो. अशी कामं करण्यासाठी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं पहिल्या टप्प्याच्या केंद्रांचं जाळं उभं केलं आहे. त्यात मुंबईचं केईएम आणि खारघरचं टाटाचं कर्करोग संशोधन केंद्र ॲक्ट्रेक आहे.

फोनवर एवढंच सांगा: निदान, शेवटच्या उपचाराची तारीख, रुग्ण स्वतःची कामं स्वतः करतो का, आणि कावीळ किंवा मेंदूत गाठ आहे का. मग विचारा: "आत्ता स्लॉट आहे का? नसेल तर अंदाजे कधी? कागद व्हॉट्सॲपवर पाठवून आधी पाहता का?" उत्तर येईपर्यंत तिकीट काढू नका.

सावधान: कोणी ट्रायलमध्ये घेण्यासाठी पैसे मागितले की तिथेच थांबा. ट्रायलचं औषध प्रायोजक, म्हणजे ट्रायल करवणारी कंपनी किंवा संस्था, फुकट देतो. "परदेशी इंजेक्शनची ट्रायल आहे, अडीच लाख भरा" असं सांगणाऱ्याला सीटीआरआय क्रमांक विचारा. त्या क्रमांकात वर्ष, महिना आणि सहा आकडी नोंद असते. तो नोंदवहीत टाकून स्वतः पाहा. वावर गहाण ठेवून अशांच्या नादी लागलेली घरं मला माहीत आहेत.

तपासा: वाट पाहायची असेल तर घरात तारीख ठरवा. "पोळ्यापर्यंत स्लॉट आला नाही तर नागपूरचा उपचार सुरू करू." तारीख नसेल तर वाट पाहण्यातच रुग्णाची ताकद जाते.

६. मधल्या दिवसांत तब्येत टिकवा

ट्रायल्स बहुधा चालता-फिरता रुग्ण मागतात. जड काम जमत नसलं तरी हलकी कामं स्वतः करणारा. दिवसाचा निम्मा वेळ खाटेवर जात असेल तर बहुतेक ठिकाणी नकार मिळतो. म्हणून खाणं, दुखणं आणि पोट साफ होणं यांवर आत्ताच उपचार घ्या. दुखणं सहन करत राहणाऱ्या माणसाची झोप जाते, जेवण जातं आणि तो महिन्याभरात खाटेला लागतो.

झाडपाल्याचं औषध, काढा, भस्म, कोणा वैदूची पुडी, यातलं काही चालू असेल तर लपवू नका. माणसं लाजतात, डॉक्टर रागावतील म्हणून बोलत नाहीत. पण यकृताच्या तपासणीत आकडे बिघडले की कारण न कळता नकार मिळतो. नेहमीच्या गोळ्याही लिहून न्या: पित्ताची गोळी, फिटची, आणि विशेषतः टीबीची. टीबीचं रिफॅम्पिसिन अनेक कॅन्सरच्या औषधांचं रक्तातलं प्रमाण खूप खाली आणतं.

संत्र्याबद्दल नेहमी विचारतात. माहितीपत्रकात ग्रेपफ्रूट, पपनस आणि कडू संत्रं टाळा असं लिहिलेलं असतं, कारण त्यांनी काही औषधं रक्तात वाढतात. आपलं नागपुरी संत्रं वेगळ्या जातीचं आहे आणि सहसा त्या यादीत नसतं. तरी केंद्रावर ट्रायलचं काम पाहणाऱ्या कोऑर्डिनेटरला एकदा विचारून घ्या.

खर्रा आजच बंद.

७. प्रवास, पैसा, वावर

पहिल्या चक्रात आठवड्यातून एकदा, कधी दोनदा जावं लागतं. औषधाच्या पहिल्या दिवशी तर सकाळपासून रात्रीपर्यंत ठरावीक तासांनी रक्त घेतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. म्हणून पहिला महिना केंद्राजवळच राहायचं असं धरून चला. सोंगणी किंवा वेचणीच्या हंगामात कोण थांबेल, बैलांचं कोण पाहील, हे घरातल्या सगळ्यांनी बसून आधी ठरवा. सोबतीला दोन माणसं आळीपाळीनं ठेवा. एकटा माणूस तिसऱ्या आठवड्यात थकतो आणि भेट चुकते.

रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री-एसीत पूर्ण सूट आहे, सोबत्याला त्याच डब्यांत ७५ टक्के. त्यासाठी दवाखान्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. मुंबईत राहण्यासाठी दवाखान्याच्या समाजसेवा विभागाचं पत्र घ्या. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी चौकशीला ते पत्र कामी येतं.

ट्रायलच्या भेटीचा प्रवासखर्च मिळतो का, आगाऊ की नंतर, सोबत्याचाही की नाही, हे विचारा. जाण्या-येण्याची तिकिटं जपून ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ट्रायलचं औषध बसत नाही, आणि ते फुकट असल्यानं बसवायची गरजही नाही.

८. संमती: घाई करू नका

तपासण्यांच्याही आधी संमती येते. केंद्रावर तुम्हाला माहितीपत्रक देतील, वीस-तीस पानांचं. ते मराठीत मागा. एथिक्स कमिटीनं, म्हणजे रुग्णांच्या हितासाठी ट्रायलवर लक्ष ठेवणाऱ्या समितीनं, मंजूर केलेली मराठी प्रत असते. ते घरी किंवा धर्मशाळेत नेऊन वाचण्याचा तुम्हाला हक्क आहे. "आत्ताच सही करा, नाहीतर जागा जाईल" असं कोणी म्हटलं तर माहितीपत्रकावर एथिक्स कमिटीचा फोन असतो, तिथे बोला.

रुग्णाला वाचता येत नसेल तर वाचून दाखवताना निःपक्ष साक्षीदार हजर असावा लागतो: ट्रायलशी संबंध नसलेला, वाचता येणारा माणूस. तो पूर्ण वेळ खोलीत बसतो आणि सही करतो. अंगठा चालतो. नवीन रेणूच्या (अजून कुठेच मान्यता न मिळालेल्या) औषधाची ट्रायल असेल आणि सहभागी व्यक्ती दुर्बल गटातली असेल तर समजावण्याचं ध्वनिचित्रमुद्रण करावंच लागतं. कॅमेरा पाहून रुग्ण घाबरतो आणि सगळ्याला "हो, समजलं" म्हणतो. त्याला आधीच सांगून ठेवा की तो कॅमेरा त्याच्याच संरक्षणासाठी आहे आणि न समजलेलं दहा वेळा विचारलं तरी चालतं.

सहीआधी या प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा. आधीच्या गटांना काय त्रास झाला? पुन्हा सुई टोचून बायोप्सी घेणार का, किती वेळा? स्कॅनचा खर्च कोणाचा? रात्री दोन वाजता ताप आला तर कोणता नंबर? औषधानं फायदा होत असेल तर ट्रायल संपल्यावरही ते मिळणार का? मूल होण्याच्या वयातल्या रुग्णांना गर्भधारणा टाळण्याची अट असते, ती जोडप्यानं मिळून समजून घ्यावी.

संमतीपत्रात शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव, पत्ता, नातं भरायचं असतं. नॉमिनीचा रकाना लोक घाईत कसाही भरतात. तो नुकसानभरपाईसाठी असतो. नाव आधार आणि बँक पासबुकाशी जुळेल असंच लिहा, आणि कोणाचं लिहायचं ते रुग्णाला ठरवू द्या.

भरपाईबद्दल नीट समजून घ्या. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळायला हवेत. मृत्यू किंवा अपंगत्व ट्रायलमुळे आलं असं ठरलं तर २०१९ च्या नियमांतल्या सूत्रानं रक्कम ठरते. मूळ आकडा ८ लाखांचा. वय आणि आजाराची गंभीरता पाहून तो कमी-जास्त होतो. ६५ किंवा त्याहून मोठ्या, अखेरच्या अवस्थेतल्या रुग्णासाठी मृत्यूची भरपाई ४ लाख येते, तरुणासाठी जास्त. तीस दिवसांत मृत्यूची शक्यता ९० टक्के किंवा अधिक असलेल्या रुग्णासाठी ती २ लाख अशी ठरलेली आहे. आजारच वाढून मृत्यू आला तर साधारणपणे भरपाई नसते. हे आधी माहीत नसल्यानं नंतर कडवटपणा येतो.

तपासा: सही केलेल्या संमतीपत्राची आणि माहितीपत्रकाची प्रत हातात आली का? आल्याशिवाय खोलीतून उठू नका. कोणत्याही दिवशी, कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्यामुळे पुढचे नेहमीचे उपचार अडत नाहीत.

९. स्क्रीनिंग

सही झाली म्हणजे प्रवेश झाला असं नाही. आता रक्त, लघवी, ईसीजी, हृदयाची सोनोग्राफी, नवा स्कॅन, एचआयव्ही आणि कावीळ ब-क च्या तपासण्या होतात. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, यकृत, किडनी यांतला एक आकडा जरी हुकला तरी नकार येऊ शकतो. नकार आला तर कोणत्या आकड्यामुळे, आणि तो सुधारल्यावर पुन्हा तपासणार का, हे विचारा. आकडे चांगले यावेत म्हणून कोणाच्या सल्ल्यानं बाहेरून रक्त चढवून घेऊ नका; चढवल्यापासून किती दिवस झाले याचीही अट असते.

गावात "ॲडमिट झाले" असं सांगण्याआधी स्क्रीनिंगचा निकाल येऊ द्या.

१०. औषध सुरू झाल्यावर

गोळ्या असतील तर डायरी मिळते. त्याच वेळी, सांगितल्याप्रमाणे उपाशी किंवा जेवून घ्या आणि लगेच लिहा. चुकली तर "चुकली" असंच लिहा. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. रिकाम्या पट्ट्या आणि उरलेल्या गोळ्या परत न्याव्या लागतात. गोळ्या किती तापमानात ठेवायच्या हे डबीवर पाहा. २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतील आणि गावात रोज चार तास लाइट जात असेल, तर घरी नेण्याआधीच कोऑर्डिनेटरला सांगा. माठाजवळ किंवा कूलरपुढे ठेवून भागत नाही.

ट्रायलचं कार्ड रुग्णाच्या खिशात आणि एक प्रत घरातल्या देवळीत ठेवा. आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना ट्रायल चालू असल्याचं सांगून ठेवा.

ताप १००.४ च्या वर, दिवसातून चार-पाच वेळा पातळ जुलाब, धाप, पिवळे डोळे, अंगावर फोड, बेशुद्धी यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन, जवळचं ग्रामीण रुग्णालय, आणि लगेच ट्रायलच्या नंबरवर फोन. तिथल्या डॉक्टरांच्या हाती फोन द्या, म्हणजे दोघं आपसात बोलतील. त्यांनी सुरू केलेले तातडीचे उपचार थांबवू नका. उन्हाळ्यात जुलाबानं माणूस एका दुपारीत कोरडा पडतो.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते: यवतमाळला दोन दिवस भरती करतात, घरी आणतात आणि पुढच्या भेटीला सांगतात. गंभीर घटना कळल्यापासून २४ तासांत संशोधक डॉक्टरांना ती सरकारला, प्रायोजकाला आणि एथिक्स कमिटीला कळवावी लागते. तुम्ही उशिरा सांगितलं तर पुढच्या रुग्णाला तीच मात्रा दिली जाऊ शकते. भरतीची सगळी बिलं आणि कागद मूळ स्वरूपात ठेवा.

११. ट्रायलमधून बाहेर पडताना

बहुतेक रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या स्कॅनपर्यंत बाहेर पडतात, कारण आजार वाढलेला असतो. निघताना एक कागद लिहून घ्या: औषधाचं नाव किंवा सांकेतिक क्रमांक, मात्रा, शेवटच्या डोसची तारीख, झालेले त्रास, शेवटच्या स्कॅनचा निकाल. प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या औषधांचे त्रास काही महिन्यांनीही उमटतात, आणि तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांकडे याच कागदाचा आधार असतो.

त्याच दिवशी वेदनाशमनाचं पत्रही मागून घ्या. मॉर्फिनच्या गोळ्या प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाहीत. तुमच्या जिल्ह्यात त्या कोणत्या दवाखान्यातून मिळतील, कोणाचं प्रिस्क्रिप्शन चालेल आणि किती दिवसांच्या देतील, हे मुंबई सोडण्याआधी तिथूनच फोन करून पक्कं करा. गावी पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या डॉक्टरांना जाऊन भेटा, दुखायला लागायच्या आधी.